आगवाला

चौकातल्या फलकावर खडूनं लिहिलं होतं, ‘अग्निशमन दलाचे माजी जवान दस्तगीरभाई पैगंबरवासी झाले.’ वाचून रडू येण्याआधी मला संताप आला. दस्तगीरभाईंनी जन्मात कुठली आग विझवली नव्हती. ते ती पेटती ठेवायचे... महायुद्धात, इंग्रजांच्या मालवाहू जहाजावर, बॉयलरच्या तोंडाशी. तिथं कोळसा टाकणाऱ्याला ‘आगवाला’ म्हणत. शिवाजी पेठेनं तो शब्द ऐकला आणि त्यांना थेट बंबावर नेऊन बसवलं. वर थट्टाही करायची, “काय बंबवाले, कुठं लागलीया आज?”

पेठेतच माझं शिलाईचं दुकान, शेजारी त्यांचं सायकलींचं. जर्मनांच्या युद्धनौका दिसायला कशा होत्या, असं मी एकदा विचारलं.

“कुणाला ठावं? आमी तळाला. वर इंग्रजाची आन् जर्मनाची जुंपली की पत्रा दणाणायचा. भ्यालो की! पर हात थांबला तर जहाज थांबतंय.”

अशाच एका लढाईत जर्मन तोफगोळा शेजारच्या बॉयलरखोलीत फुटला. पाणी पसरू नये म्हणून साहेबानं मधलं लोखंडी दार बंद करायला लावलं. आत पेठ वडगावचा हुसेन होता, दस्तगीरभाईंचा जोडीदार. “लई येळ ठोकत हुता,” एवढंच ते म्हणाले...

पंधरा ऑगस्टला चौकात युद्धात गेलेल्यांची नावं वाचतात. त्यात हुसेनचं नाव यावं, एवढीच त्यांची मागणी होती. आम्ही दोघं चौकातल्या मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. ते सगळ्यांसमोर हसून म्हणाले, “दस्तगीरभाई, तुमी बंबावर हुता न्हवं? मग ह्यो समुद्र कुठनं काढला?” झालं, खोटारडे ठरले. परत त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. पेठेला अर्थात त्याचं काही वाटलं नाही. बंबवाले म्हणून हाक मारणं चालूच राहिलं.

त्या वर्षापासून पंधरा ऑगस्टला ते घरीच हुसेनच्या नावानं फातिहा द्यायचे. यंदा त्यांच्या बायकोनं, जैनबभाभींनी, मला मुद्दाम बोलावलं. म्हणाल्या, “औंदा दोन नावं घ्यायची हायती, या.” त्यांच्या लहानशा खोलीत आम्ही तिघंच होतो, मौलवी धरून. फातिहा सुरू झाली आणि बाहेर चौकात कर्णा लागला. अध्यक्ष आपल्या वीरांबद्दल गळा काढून बोलत होते. मौलवींनी दोन्ही नावं घेतली म्हणे. मला एकही ऐकू आलं नाही.