शेरेबुकातला इंग्रजी शेरा

चारुशीलाबाईंनी अकोल्याच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी हाती घेतलं आणि पहिल्याच दिवशी पोरींच्या अर्थाच्या वह्या कपाटात टाकून कुलूप ठोकलं. झालं, गावभर बोभाटा! धड्यांचे अर्थ या वह्यांत उतरून घ्यायचे, घोकायचे अन् परीक्षेत ओकायचे, ही तेव्हाची रीत. नुसती पोपटपंची! बाई म्हणत, "पुस्तक मिटा. वाचलं ते घरी आईला सांगता तसं सांगा." शब्द अडला तरी अर्थ सांगत नसत. मागचं-पुढचं वाच, अंदाज बांध, एवढंच.

मोर्णा नदीकाठी भाजीपाला पिकवणाऱ्या तानुबाईची पार्वता यात तरबेज झाली. सांगायची मात्र अस्सल वऱ्हाडीत. वकिलांच्या पोरी फिदीफिदी हसत. बाई म्हणत, "हसा खुशाल, पण तिच्यासारखं सांगून दाखवा."

मग नागपूरहून इन्स्पेक्टरसाहेब येणार असं कळलं. इंग्रजीचा वर्ग चालणार की बंद होणार, ते त्यांच्या शेऱ्यावर होतं. हेडमास्तर केशवराव गयावया करू लागले, "बाई, एका दिवसापुरत्या वह्या काढा हो!"

पण बाईंनी कपाटाची किल्ली कमरेला खोचली. "वर्ग बुडाला तर बुडो. घोकंपट्टी दाखवून मी तो वाचवणार नाही."

साहेबांनी धडा वाचायला लावून अर्थ विचारला. पार्वता उठली, "म्हातारा रातभर नाव वल्हवून राहिला, पन दोर सोडाचाच राहिला. मंग नाव जाईन कशी?"

"ही शेतातली भाषा इंग्रजीच्या वर्गात?" साहेबांनी तोंड वाकडं केलं, शेरेबुकात इंग्रजीतून चार ओळी खरडल्या आणि चहाचा कप उचलला.

बाईंचं डोकं सटकलं. त्यांनी शेरेबुक उचलून थेट पार्वतेपुढे धरलं. "वाच. अन् सांग."

"बाई, अहो, काय करता!" केशवरावांना घाम फुटला.

पार्वता सावकाश वाचू लागली. एका शब्दावर अडली, मागची ओळ पुन्हा वाचली, मग मान वर केली.

"साहेब म्हन्तात, या पोरींले वाचलेलं काईच समजत नाई. वर्ग चालवनं फुकट हाय, बंद करा." तिनं साहेबांकडे रोखून पाहिलं. "मले तं समजलं. मंग तुमी असं काहून लिवलं?"

साहेबांनी कप ठेवला आणि शेरा खोडायला हात पुढे केला. बाईंनी शेरेबुक मागे ओढलं.

"खोडू नका, साहेब. खाली लिहा, हा शेरा याच वर्गातल्या पार्वतेनं वाचून समजावून सांगितला. अन् सही करा."

साहेबांनी लिहिलं. सही करताना मान काही वर केली नाही.