डाव्या पायाचं माप

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचले, हे आधीच सांगून टाकते. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. लिंबातून रक्त, नारळातून केस असले प्रकार मुलांपुढे करून दाखवायचे आणि मग त्यातली हातचलाखी फोडायची, हे काम शाळेत माझ्याकडेच असतं. कुणी 'भास झाला' म्हटलं की मी आधी विचारते, जेवला होता का? आता हसायची पाळी तुमची. हसा. पण शेवटपर्यंत वाचा आणि काही सुचलं तर कळवा, कारण जुलैपासून मला धड झोप नाही.

माझी धाकटी बहीण तेजू. तिचा साखरपुडा ठरला. मुलगा चांगला, त्याला आणि त्याच्या घरच्यांना सगळं माहीत. पण हॉलमध्ये चारशे माणसं येणार होती, आणि तेजूला एवढंच हवं होतं, की एक दिवस तरी लोकांनी तिच्या तोंडाकडे बघावं, पायाकडे नाही. अठरा वर्षं तिने एका बाजूला जाड तळवा असलेले काळे बूट घातलेत.

त्याला कारण मी. मी सोळा वर्षांची होते, ती आठ. बाबांची स्कूटर न विचारता काढली, तिला मागे बसवलं आणि कळंब्याच्या तलावाकडे निघाले. खडीवर घसरलो. मला खरचटलं. तिचा डावा पाय स्कूटरखाली सापडला आणि तो पुढे नीट वाढलाच नाही... पाऊण इंच आखूड, पाऊलही दोन नंबरांनी लहान. यावर आम्ही दोघी कधीच बोललो नाही. मी माफी मागितली नाही, तिने कधी ऐकवलं नाही. मी फक्त एक काम अंगावर घेतलं. तिचे बूट मिरजेहून करून यायचे, त्यासाठी दर जूनला तिच्या पायाचं माप मी काढायचे. वहीच्या कागदावर पाऊल, आणि करंगळीपासून सुरू करून, हात न उचलता पेन्सिल फिरवायची. तळव्याच्या खोलगट भागाशी आले की तिला गुदगुल्या व्हायच्या, ती पाय हलवायची आणि रेघेला तिथे दरवेळी एक बाक पडायचा. दुसऱ्या कुणाला ती त्या पायाला हात लावू द्यायची नाही. कॉलेजला गेल्यावर मलाही नाही. मग ती एकटीच मिरजेला जायला लागली. दहा वर्षं झाली त्याला.

तर, कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका बोळाच्या तोंडाशी शबानाभाभींचं छोटंसं बुटिक आहे. काचेत मोजून सात-आठ जोड, पण नजर हटत नाही. मागच्या खोलीत त्यांचे मिस्टर स्वतः चामडं कापतात. तेजूला मरून रंगाचे हील्स आवडले, पुढून बंद, वर सोनेरी कोल्हापुरी वेणी.

भाभींनी कागद अंथरला. "द्या दोन्ही पाय."

दुकानात कॉलेजच्या दोन पोरी फोटो काढत होत्या. तेजूने उजवा बूट काढला. डावा नाही. म्हणाली, "एकाचंच घ्या. दुसरा सेमच हाय."

आपल्याकडे बरेच कारागीर एकाच पायाचं माप घेतात आणि कागद उलटा करून दुसरा कापतात. भाभींची नजर तिच्या डाव्या बुटावर जराशी थांबली. एवढंच म्हणाल्या, "उद्या दुपारी एकला हे कापायला बसतील. एकदा कापलं की बदल व्हायचा न्हाय बघा."

आणि वर्गात मुलांना 'खरं बोला' म्हणणारी मी, तोंडात मिठाची गुळणी धरून उभी.

बाहेर आल्यावर म्हटलं, "अगं, तो पायात राहणार तरी आहे का?"

"कापूस भरीन."

"आणि उंची?"

"अक्का, आत जाऊन सांगितलंस तर मी साखरपुड्याला उभी राहत नसते. माझा पाय हाय. त्याच्यावर तू न्हाय बोलायचं."

ते बरोबर होतं, म्हणूनच लागलं.

दुसऱ्या दिवशी मला गगनबावड्याला प्रशिक्षण होतं. तिथला जुलैचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. सकाळपासून माझं बूड एका जागी टेकत नव्हतं. डोळ्यांपुढे एकच चित्र... तेजू स्टेजवर चढतेय, डावा बूट पायातून निसटतोय आणि चारशे माणसं खाली बघतायत. व्हरांड्यात शाळेतल्या मुलांच्या चपला होत्या, त्यातली एक उलटी पडली होती. मी ती सरळ केली, आत गेले, परत बाहेर आले. साडेबाराला ठरवलं, तेजूची धमकी गेली खड्ड्यात, भाभींना फोन करायचा. रेंज नाही. रेंजसाठी रस्त्यापर्यंत चालत गेले. छत्री उलटी झाली. मैलाच्या दगडाशी फोन वर धरून उभी राहिले आणि काय सांगायचं ते मनात घोकत राहिले — डाव्या टाचेला पाऊण इंच जास्त, आतून. डाव्या टाचेला पाऊण इंच जास्त, आतून. फोन काही लागला नाही. सव्वाला परत आले तेव्हा आमचे एक सर म्हणाले, "मॅडम, पोहून आलासा काय?"

संध्याकाळी रेंज आली, पण तोवर चामडं कापलेलं असणार. शिवाय तेजूची भीती. मी फोन केला नाही. घाबरले, दुसरं काय.

दहा दिवसांनी जोड आणायला गेलो. तेजूच्या पर्समध्ये कापसाची गुंडाळी होती. त्या दिवशी दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तिने उजवा घातला. मग आमच्याकडे पाठ करून डावा घातला... आणि तशीच बसून राहिली. मग उठली. आरशापर्यंत चालत गेली, परत आली. बाहेरून दोन्ही बूट अगदी सारखे, आणि ती सरळ उभी. कापूस पर्समध्येच.

माझ्याकडे वळली. "सांगितलंस न्हवं शेवटी?"

"देवाशप्पथ नाही." देवाची शपथ, आणि तीही मी घेतली.

भाभी बघतच राहिल्या. "असं काय करतासा ताई? दुसऱ्या दिवशी तुम्हीच आलतासा की. पाऊण वाजला असंल, ह्यांनी कापायला घेतलं न्हवतं अजून. कागद दिलासा, 'तिला सांगू नका' म्हणालासा, आणि बसा म्हणायच्या आत गेलासा पण. एवढ्या भिजलेल्या, की मागनं मी फरशी पुसली. आमच्याकडं तर सकाळपासनं ऊन. मी ह्यांना म्हटलं बी, ही बाई कुठनं भिजून आली?"

त्यांनी खणातून कागद काढला. कोरडा, वहीचा. त्यावर एक पाऊल, आणि पावलाच्या आत माझ्या अक्षरात लिहिलेलं: तेजश्री, डावा. टाचेला पाऊण इंच जास्त, आतून.

अक्षर कुणीही गिरवेल. बूट बघून भाभींनीच अंदाज बांधला असेल, हेही मी मनात म्हणून पाहिलं. पण रेघ करंगळीपासून सुरू झाली होती, कुठेही न तुटता. आणि तळव्याच्या खोलगट भागाशी बाक होता.

तो कागद मी भाभींकडून मागून घेतला. घरी आल्यावर तेजू म्हणाली, "त्या पायाला कुणी हात लावला न्हाय अक्का. मला कळलं नसतं व्हय?" मग तिने मोजा काढला, वहीचं पान फाडून जमिनीवर ठेवलं आणि त्यावर पाऊल ठेवलं. "काढ माप."

दहा वर्षांनी मी ते पाऊल हातात धरलं. करंगळीपासून सुरुवात केली. खोलगट भागाशी आले तशी ती हलली. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. रेघेवर रेघ बसली. बाकावर बाक बसला.

"अजून गुदगुल्या होतात बघ," ती म्हणाली.

तेव्हा मला रडू फुटलं. म्हटलं, "तेजू, त्या दिवशी मी स्कूटर काढायला नको होती."

मी खाली बसले, तीही समोर बसली. मग म्हणाली, "व्हय. नको होती काढायला." आणि पाऊल माझ्या मांडीवर ठेवून दिलं, मागे घेतलं नाही.

मी हिशेब करून पाहिलाय. साडेबारा ते सव्वा, पंचेचाळीस मिनिटं. गगनबावड्याहून कोल्हापूरला नुसतं यायलाच एस.टी.ला दीड तासाच्या वर लागतो. हजेरीपटावर त्या दिवशीच्या माझ्या दोन्ही सह्या आहेत, आणि भाभींना खोटं बोलून काही मिळायचं नव्हतं. दोन्ही कागद माझ्या कपाटात आहेत. मधेच उठते, काढून बघते, परत ठेवते. त्या मैलाच्या दगडाशी मी पूर्ण वेळ उभी होते, असं मी अजूनही छातीठोकपणे सांगते. आणि सांगून झालं की परत कपाट उघडते.

साखरपुडा झाला. तेजू स्टेजवर चढली, अंगठी घातली, फोटोला उभी राहिली. चारशे माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. पायाकडे बघत होते ती एकटी मीच.