ऐनाचं झाड आणि मी

माझी बायको वनशास्त्र शिकवते आणि तिचं कॉलेजमागच्या टेकडीवरल्या एका ऐनाच्या झाडावर प्रेम आहे. परवा विद्यार्थ्यांना घेऊन ती तिकडे निघाली, तसा मीही डबा धरून मागे गेलो. म्हटलं, प्रतिस्पर्धी एकदा बघून तरी घ्यावा.

ती थेट त्याच्या पायाशी बसली. पाचोळा सारून मूठभर माती उचलली, हुंगली आणि डोळे मिटून म्हणाली, "अजून ओल धरून आहे!" माझ्या नव्या अत्तराची मात्र आठवडाभरात बाईंनी दखल घेतली नाही. मग तिनं छातीच्या उंचीवर खोडाला टेपचा वेढा घातला, अगदी गाल टेकवून. "वाढलाय गुलाम!" मी मनातल्या मनात कुऱ्हाड परजली. झाडाला दरवर्षी मोजतात. घरातल्या माणसाला एकदा पसंत केलं की संपलं.

"आमच्याकडेही बघा कधी," मी पुटपुटलो.

"या, हात वर करा." सगळ्या वर्गादेखत तीच टेप माझ्याभोवती फिरली. "हाही वाढलाय, पण नुसता मधोमध!"

पोरं खिदळली. मी तिच्या खांद्यावरून ऐनाकडे ऐटीत पाहिलं. टेप तिनं अजून सोडली नव्हती.