नगरहून दोघं, कोपरगावहून एक

रखमाजी उभ्या जन्मात कधी रांगेत उभा राहिला नाही. ही गोष्ट तो स्वतःच चारचौघांत सांगायचा, आणि अशा थाटात सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, गडी कुठलीतरी लढाई मारून आलाय. रेशनच्या दुकानापुढं त्याच्या वतीनं छगन उभा राही, सोसायटीत खतासाठी छगन, तिसगावच्या बाजारात दळणाच्या गिरणीपुढंही छगनच. छगन म्हणजे त्याचा सालगडी. रखमाजीची आई गोजरबाई मनात म्हणायची, हा जन्माला तेवढा स्वतः आला, नाहीतर त्यालाही छगनलाच धाडला असता.

सख्ख्या आईनं पोटच्या पोराबद्दल असं म्हणावं? म्हणावं की! पन्नास वर्षं जिनं बघितलं तिनं नाही म्हणायचं तर कुणी? धोतर परीटघडीचं, फेट्याचा शेमला कमरेपर्यंत, उन्हाळा असो की हिवाळा डोळ्यांवर काळा चष्मा, आणि कर्तृत्व काय, तर पाच वर्षं ग्रामपंचायतीचा पंच होता. पुढच्या खेपेला लोकांनी पाडला. तेव्हापासून गाव नालायक झालं. ज्यानं राम राम आधी घातला नाही तो माजला, ज्यानं घातला तो काहीतरी मागायला आला. नाकावर माशी बसू द्यायची नाही, आणि शेतातलं तण मात्र गुडघ्याएवढं.

कार्तिकात रखमाजीचा बाप गेला. शेजारचा मच्छिंद्र आपल्या बापाच्या अस्थी नाशिकला घेऊन गेला होता, म्हणून रखमाजीनं दहाव्याला जमलेल्या लोकांपुढं छाती फुगवून सांगितलं, "आमचं म्हातारं परयागला जानार!" सांगून मोकळा झाला. अस्थींचं गाडगं लाल फडक्यात बांधून मळ्यातल्या लिंबाला टांगलं, ते वैशाख आला तरी तिथंच. लोक येताजाता वर बघायचे आणि विचारायचे, "काय अण्णा, गाडी चुकली का काय?"

शेवटी जायचं ठरलं तेव्हा गोजरबाईनं एकच अट घातली.

"रतनी माझ्या शेजारी बसून येनार आसंल तर मी यीन. न्हाईतर गाडगं घे आन् एकला जा."

रतनबाई ही तिची लेक, कोपरगावकडं दिलेली. नऊ वर्षांत तिला माहेरी बोलावणं नव्हतं. कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. रखमाजीच्या पोराच्या लग्नात हा मांडवात शिरला तेव्हा मेहुणा उठून उभा राहिला नाही! जेवत होता बिचारा, हातात घास होता. पण ह्यानं तिथल्या तिथं जाहीर केलं, आजपासून रतनी आम्हाला मेली. बाप गेला तेव्हा तार नाही केली, कार्ड टाकलं. रतनबाई पाचव्या दिवशी पोचली, तेव्हा ह्यानं तिला ओट्यावरच बसवलं, आणि संध्याकाळच्या एस.टी.नं ती परत गेली. मायलेकींना गळ्यात पडून रडायलासुद्धा मिळालं नाही. गोजरबाईचं ते रडं छातीत तसंच अडकून बसलं होतं. दोन दिवस, दोन रात्रींचा प्रवास, शेजारी लेक, म्हातारीला आता एवढंच पाहिजे होतं. बहात्तर वर्षांच्या बाईनं पुढच्या खेपेची वाट कुठल्या भरवशावर बघायची?

रखमाजीनं मान डोलावली. आई बरोबर आली नाही तर गाव तोंडात शेण घालील, एवढं त्याला कळत होतं.

आता हे तिकिटाचं प्रकरण. पुण्याहून मनमाडकडं जाणाऱ्या गाडीला एक डबा असा असायचा, की मनमाडला तो सोडवून उत्तरेकडच्या मेलला जोडायचे. त्यात जागा धरली की माणूस बसल्या बसल्या प्रयागला. रखमाजी छगनला घेऊन नगरच्या स्टेशनावर गेला. तिथं काय झालं ते गोजरबाईला गोठ्यात दूध काढता काढता छगननं सांगितलं, आणि सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं.

खिडकीपुढं दहा-बारा माणसं उभी होती. अण्णा सगळ्यांना बाजूला सारून थेट पुढं गेले. आत बघतात तर बुकिंगला जालिंदर! त्यांच्याच गावचा, सहादेवाचा पोरगा. सहादेव एकेकाळी गावकीची कामं करायचा, सांगावे पोचवायचा, मेलेलं जनावर ओढायचा. छप्पन सालानंतर त्यांनी बौद्ध धर्म घेतला आणि ती कामं टाकली. पोरगा नगरच्या बोर्डिंगात राहून शिकला, रेल्वेत लागला.

"आरं, तू सहादेवाचा जालिंद्या न्हाई का? बरं झालं, घरचाच मानूस निघाला. काढ तीन तिकिटं परयागची."

"नमस्कार," जालिंदर म्हणाला. "रांगेतून या."

"आरं, मी कोन हाय..."

"ओळखलं की, रखमाजीअण्णा. रांगेतून या."

मागची माणसं फिदीफिदी हसली. अण्णा जे तरातरा बाहेर पडले ते थेट चहाच्या टपरीवर. रांगेत राहिला छगन. त्याचा नंबर आल्यावर जालिंदरनं त्याला नीट समजावून सांगितलं, आणि छगननं ते शब्द न् शब्द ध्यानात ठेवलं. तिघांच्याही जागा नगरहूनच धरायच्या, म्हणजे एकाशेजारी एक मिळतात. एक बाई कोपरगावला चढणार असा वेगळा अर्ज द्यायचा, की चार्टवर तसं लिहिता येतं. तसं लिहिलं नाही तर जागा रिकामी दिसते आणि टी.सी. ती राहुरीलाच दुसऱ्या कुणाला देऊन टाकतो. आणि कोपरगावहून वेगळी मागाल, तर तिथून तार येणार, मग मिळेल त्या डब्यात मिळेल ती जागा. नाही मिळाली तर नाहीच.

किती सोपं! एक कागद, चार ओळी. पण छगननं तो कागद टपरीवर नेऊन दिला, आणि अण्णांचं डोकं फिरलं. अर्ज म्हटला की वर 'साहेब' लिहायचं, मधे 'विनंती' लिहायची, खाली 'आपला नम्र'.

"सहादेवाच्या पोराचा मी नम्र?" म्हणत त्यानं कागद चुरगळला आणि त्याच कागदानं बशीतला सांडलेला चहा पुसला.

घरी येऊन त्यानं आपल्या हुशारीनं तोड काढली. मेहुण्याला कार्ड टाकलं, तुमचं तुम्ही कोपरगावला काढा, गाडी एकच आहे. जागा धरायच्या फॉर्मावर दोनच नावं घातली, आईचं आणि आपलं. खाली सही करायची वेळ आली तेव्हा जालिंदरच्या हातात आपली सही जायला नको म्हणून त्यानं आईचा अंगठा घेतला. आणि छगनला पुन्हा पिटाळलं नगरला.

गोजरबाईनं कशाचा ते न विचारता अंगठा दिला. मात्र छगनकडून सगळं कळल्यावर तिनं त्याला हळूच सांगितलं, "परत नगरला जाशील तवा इच्यार त्या सहादेवाच्या पोराला, काई करता येतंय का म्हनून."

छगन निरोप घेऊन आला. डबा भरला होता, आणि कोपरगावला रतनबाईला साधं तिकीट तेवढं मिळालं होतं. आता कुणी आपली जागा सोडली तरच रतनबाईला मिळणार. आणि जालिंदरनं एक जास्तीचं सांगितलं होतं. फॉर्मावर अंगठा म्हातारीचा आहे, तेव्हा दोन्हीतली कुठलीही जागा सोडायची झाली तर अर्ज तिचाच चालेल.

बापाच्या अस्थींना पोरगाच पाहिजे, अशी रीत. पोराचं नाव खोडायचं? तिनं ठरवलं, आधी त्याला संधी द्यायची. रोज संध्याकाळी तो जेवायला बसला की ती विचारी, "रतनी माझ्या शेजारीच हाय ना रं?"

"व्हय. शेजारीच. मी सायबाशी बोललोय."

बारा दिवस ती विचारत होती आणि बारा दिवस तो भाकरी मोडता मोडता खोटं बोलत होता. घास उतरतो तरी कसा ह्याच्या घशाखाली, असं तिला व्हायचं. पहिले दोन दिवस तिला राग आला, मग कीव आली, आणि आठवड्यानंतर नुसती किळस. चूक केली तर केली, निदान म्हणावं तरी, आई, माझं चुकलं, मला त्या खिडकीशी वाकता आलं नाही. तेवढं म्हणाला असता तर आईचं काळीज विरघळलं असतं. पण नाही! मान ताठ आणि जीभ खोटी.

जायच्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं तिघं नगरला आली, छगन सामान उचलायला. गाडीला तास-दीड तास होता. गोजरबाईच्या मांडीवर अस्थींचं गाडगं. तिनं शेवटचं विचारलं.

"रखमा, खरं सांग. रतनीची जागा हाय का?"

"किती डोकं खाशील! हाय म्हनलं ना?"

गोजरबाई उठली. गाडगं काखेत धरलं आणि खिडकीकडं चालायला लागली. रांगेत चार माणसं होती, त्यांच्या मागं ती उभी राहिली. नंबर आला. आत जालिंदर मान खाली घालून काहीतरी लिहीत होता. त्याची आई कलाबाई पूर्वी मागल्या दारी ताक मागायला यायची, तेव्हा हीच गोजरबाई वरून, हात लागू न देता तिच्या गाडग्यात ताक ओतायची. ते आता म्हातारीच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. कुठल्या तोंडानं मागायचं?

"सायेब," ती म्हणाली. "माझ्या लेकीला माझ्याशेजारी जागा पायजे. कोपरगावला चढंल ती. तिच्याकडं साधं तिकीट हाय."

जालिंदरनं वर बघितलं. "डबा भरलाय, आजी. एक नाव कमी झालं तर देता येईल."

"ह्या रखमाचं खोड."

रखमाजी मागून धावत आला. "आई, याड लागलं का तुला? लोक बघत्यात!"

"बघू दे की. तुला लोकांनीच बघायला पायजे आसतंय ना?"

"आन् बापाचं पानी कोन सोडनार? बाया सोडनार का?"

"ज्याची बायकू हाय ती सोडंल, आन् ज्याची लेक हाय ती सोडंल. सात म्हैनं टांगून ठिवलंस तवा आठवला न्हाई बाप?"

जालिंदरनं पेन खाली ठेवलं. रखमाजीकडं बघत तो शांतपणे म्हणाला, "अण्णा, अजून वेळ आहे. मनमाडपर्यंत टी.सी. मायलेकींना एकत्र बसू देईल, पुढचं पुढं बघता येईल. मी तसं लिहून देतो. तुम्ही एक विनंती अर्ज तेवढा द्या."

कागद खिडकीतून बाहेर सरकवला. रखमाजीनं कागदाकडं बघितलं, मागच्या माणसांकडं बघितलं, फेट्याचा शेमला सारखा केला. म्हातारी त्याच्या हाताकडं बघत होती. हात काही पुढं झाला नाही.

"आमी असल्यांपुढं अर्ज करीत नसतो," तो म्हणाला.

गोजरबाईनं शाईच्या पॅडवर अंगठा दाबला. असा दाबला की नखातसुद्धा शाई गेली. जालिंदरनं नाव खोडलं, दुसरं लिहिलं, कोपरगावला तार करायला माणूस धाडला.

"लई उपकार झालं, बाबा," ती म्हणाली.

"उपकार नाही, आजी. नियम आहे," तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाला हात केला. त्याच्या आवाजात माया नव्हती, आणि ती आपल्या वाट्याला का यावी हेही गोजरबाईला कळत होतं. कलाबाई बरी आहे का, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तेवढा तिला धीर झाला नाही.

गाडी आली. साधे डबे होते, चढायचं असतं तर रखमाजीला चढता आलं असतं. छगननं तसं सुचवलंही. पण पंच राहिलेला माणूस धोतर सावरत त्या गर्दीत कसा घुसणार? काळा चष्मा लावून तो फलाटावर उभा राहिला, जसा काही स्टेशनाची पाहणी करायलाच आलाय. गाडी हलली तरी तो आईकडं न बघता सिग्नलकडं बघत होता.

कोपरगावला रतनबाई डबा शोधत धावत आली. स्टेशनावरच्या माणसानं तिला नंबर सांगितला होता. नऊ वर्षांत तिच्या कपाळावरचे केस पांढरे झाले होते, आणि आईनं ते आत्ता पहिल्यांदा जवळून बघितले. ती शेजारी बसली, गाडग्याला हात लावला आणि दोघींना असं काही रडं फुटलं की समोरचा मारवाडी उठून दारात जाऊन उभा राहिला. गाडी येवल्याकडं निघाली तेव्हा कुठं रतनबाईनं पदरानं नाक पुसलं आणि इकडं तिकडं बघितलं.

"आये, दादा कुठं हाय?"

"तुझा दादा लई मोठा मानूस, बाई," गोजरबाई म्हणाली. "त्यो कुठल्याच डब्यात मावत न्हाई. तू सरक हिकडं."