हलव्याची परात आणि शिशाच्या गोळ्या

शनिवार, ६ जानेवारी २००७. स्थळ: अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नमधल्या आमच्या शेजारणीचं गराज. हजर: माझा नवरा, शेजारीण, शेजारणीचा म्हातारा कुत्रा. उशिरा हजर: मी. गैरहजर: आमची मुलगी, कारण तिचा एसएटीचा, म्हणजे कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचा, क्लास होता.

इथल्या मराठी मंडळाची इतिवृत्तं बरीच वर्षं मीच लिहिते, त्यामुळे हात असाच चालतो. या सभेचं मला आमंत्रण नव्हतं. मी माझी परात शोधत तिथे गेले होते.

आधी परातीचं सांगते. पितळेची, जाड बुडाची, आतून कल्हई केलेली. आईची. आई तिच्यात संक्रांतीचा हलवा करायची. आम्ही अमेरिकेला निघालो तेव्हा तिने ती साड्यांच्या घड्यांमध्ये घालून दिली. विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं, तेव्हा मी दोन साड्या आणि गोडा मसाला काढून भावाच्या हातात दिला. परात काढली नाही.

हलव्याचं काम किचकट असतं. मंद आचेवर परात ठेवायची, तिच्यात तीळ, वरून चमचाभर पाक, आणि बोटांनी सारखं गोल फिरवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. घाई केली, पाक जास्त पडला, तर दाणे एकमेकांना चिकटून बसतात. सगळं जमलं तर काही दिवसांनी प्रत्येक दाण्यावर पांढरा काटा फुटतो. आमच्या घरात पाक माझा आणि बोटं नवऱ्याची. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आईने जावयाला गंमत म्हणून परातीपुढे बसवलं, आणि त्याच्या हातच्या हलव्याला असा काटा आला की आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तू आपली चमचा धर." तेव्हापासून तीच वाटणी. मी पाक सोडते, "आता" म्हणते, "थांब" म्हणते. तो फिरवतो.

आणि तो बोलतो. माझा नवरा मुळात बोलणारा माणूस नाही. ऑफिसात दिवस कसा गेला असं विचारलं तर "ओके" म्हणतो आणि मोजे काढायला लागतो. पण परातीपुढे बसला की ऑफिसचं, लहानपणचं, त्याच्या वडिलांच्या आजारपणाचं, सगळं त्या वाफेत बाहेर येतं. लग्नाला इतकी वर्षं झाली. मला त्याच्याबद्दल जे काही माहीत आहे, त्यातलं निम्मं जानेवारीत कळलेलं आहे.

आदल्या वर्षी मात्र त्याच्या प्रोजेक्टमुळे हलवा झाला नाही. मंडळासाठी मी एडिसनच्या देशी दुकानातून मागवला. लोकांनी खाल्ला. कुणी काही बोललं नाही.

आता शेजारीण. सत्तरीची, उंच, पांढरे केस बारीक कापलेले, आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. तिचा नवरा वारला तेव्हा मागे गराजभर सामान राहिलं: शिशाच्या विटा, साचे, वापरलेली काडतुसं पुन्हा भरायचं हातयंत्र. नवरा गेल्यावर तिने ते विकलं नाही, चालू ठेवलं. रविवारी क्लबवर जाऊन ती कागदी निशाण्यांवर गोळ्या झाडायची आणि बक्षिसं आणायची. एका हिवाळ्यात माझ्या नवऱ्याने तिच्या ड्राइव्ह-वेवरचा बर्फ काढून दिला. तिने त्याला कॉफी दिली आणि गराज दाखवलं. ग्रीन कार्ड हातात आल्यावर, म्हणजे बंदूक हाताळायची कायद्याने मुभा मिळाल्यावर, तो "एकदा क्लबवर जाऊन बघतो" म्हणाला, आणि पुढे प्रत्येक शनिवारची सकाळ तिच्या गराजमध्ये जायला लागली.

मी नियम केले. शिसं विषारी असतं, म्हणून तिथले कपडे वेगळे धुवायचे, बूट गराजमध्येच, घरात पाऊल टाकायच्या आधी कोपरापर्यंत साबणाने हात. त्याने सगळे नियम पाळले. ज्याचा नियम करता येईना ते असं, की तो आनंदात घरी यायचा. टेबलावर बसून आपणहून सांगायचा: शिसं वितळवून साच्यात ओतलेली गोळी नुसती वापरली तर शिसं बंदुकीच्या नळीला चिकटून बसतं, म्हणून तिच्यावर पातळ थर द्यावा लागतो, ती एका डब्यात गोळ्या घेते, वरून मेणासारखा तपकिरी द्रव घालते, झाकण लावून हलवते, पण थर सारखा बसत नाही, कुठे जाड कुठे उघडा. "ती म्हणते", "तिचं म्हणणं असं", "तिला विचारलं तर". मला जानेवारीत मिळायचं ते तिला दर आठवड्याला मिळत होतं.

शिवाय ती त्याला हनी म्हणायची. ती सगळ्यांनाच हनी म्हणते. पोस्टमनला म्हणते, कुत्र्याला म्हणते. मला माहीत होतं. तरी.

मुलीच्या नजरेतून हे सुटलं नाही. "आई, शी इज लाइक सेव्हंटी," ती एकदा सीरियल खाताखाता म्हणाली. "यू आर जेलस ऑफ अ ग्रँडमा."

"मी जेलस नाहीये. मला शनिवारी बेसमेंट आवरायचं असतं."

"शुअर, आई."

तर त्या शनिवारी. सकाळी नवरा आणि मुलगी आपापल्या वाटेने गेल्यावर मी साखर मोजून घेतली, लिंबू कापलं आणि परात घ्यायला बेसमेंटमध्ये उतरले. यंदा मंडळात एका छोट्याचं बोरन्हाण होतं आणि हलवा घरचाच करायचा असं मी ठरवलं होतं. शेल्फवर परातीच्या जागी परातीच्या आकाराची धूळ नसलेली जागा होती. वर आले, पँट्री पाहिली, मंडळाचे खोके पाहिले. नवऱ्याला फोन केला, उचलला नाही. खिडकीतून दिसलं, शेजारणीच्या गराजचं दार अर्धं उघडं होतं. कोट चढवून गेले.

नवरा खाली बुटक्या स्टुलावर. समोर विटांवर एक इलेक्ट्रिक शेगडी, शेगडीवर माझी परात. परातीत तिळांच्या जागी शिशाच्या गोळ्या, बोटांच्या पेरांएवढ्या. त्याने हातमोजे घातले होते आणि तो त्या गोल फिरवत होता, बाहेरून आत, आतून बाहेर, तळव्याने नाही, बोटांच्या टोकांनी. जगात ही चाल मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? आणि शेजारी, माझ्या जागेवर, शेजारीण एका लहान चमच्याने तो तपकिरी द्रव थेंबथेंब सोडत होती.

"ये ये, आत ये!" मला बघून ती खुशीत म्हणाली. "तुझा नवरा कलाकार आहे. म्हणतो, तुम्ही मिठाई अशीच करता. बघ, एकही गोळी उघडी राहिली नाही!"

म्हणजे त्याने तेही सांगितलं होतं. मी नवऱ्याकडे वळले आणि मराठीत सुरू झाले.

"ही आईची परात आहे."

"हो. अगं, डब्यात ते नीट होतच नव्हतं. म्हटलं, आपली पद्धत करून बघू. गोळ्या जरा कोमट केल्या, थेंबाने सोडलं, आणि बघ—"

"तू आईच्या परातीत शिसं घातलंस."

त्याची बोटं थांबली. "मला वाटलं, आता आपण एडिसनहूनच मागवतो."

"एकदा मागवला. एकदा!"

"मग सांगायचंस ना, यंदा करणार आहेस ते."

"परवा तुझ्यासमोर बसून तीळ निवडले. ते काय पाखरांना घालायला?"

"मी घासून देतो. चांगली दोनदा घासतो. व्हिनेगर लावून—"

"शिसं आहे रे ते! मलाच तू सगळं शिकवलंस ना, ती म्हणते, ती म्हणते. त्यात आता लहान मुलाच्या डोक्यावरून ओतायचा हलवा करू? पोरं उचलून तोंडात घालतात तो."

कुत्र्याने मान वर केली आणि पुन्हा खाली ठेवली. एवढ्यावर मी थांबायला हवं होतं, पण मुद्दा परातीचा नव्हताच.

"आणि हिला पाक सोडायला बसवलंस."

"पाक?" त्याला खरंच कळलं नाही. मग त्याने तिच्या हातातल्या चमच्याकडे पाहिलं. "अगं, ती नुसता चमचा धरतेय."

"तेच म्हणतेय मी."

शेजारणीला शब्द कळले नाहीत, बाकी सगळं कळलं. "काय झालं, हनी?" तिने त्याला विचारलं. त्याने शेगडी बंद करत एका वाक्यात सांगितलं की हे भांडं हिच्या आईचं आहे आणि आता यात खाण्याचं काही करता येणार नाही. तिचा चेहरा उतरला. ती उठली, हातमोजे काढले, कोपऱ्यातल्या सिंकवर बराच वेळ हात धुतले आणि घरात गेली. आम्ही दोघं त्या परातीच्या दोन बाजूंना उभे राहिलो. त्या गोळ्या छान झाल्या होत्या, तेवढं मला दिसत होतं. सारख्या, मधाच्या रंगाच्या. चांगल्या हाताचं काम कुठेही ओळखू येतं, आणि त्या वेळी मला तेच सहन होत नव्हतं.

ती बाहेर आली ती तांब्याचं एक पसरट भांडं घेऊन. जाड, दोन्ही बाजूंना कड्या, आतून स्वच्छ.

"माझ्या आईचं," ती म्हणाली. "ती यात पीचचा मुरांबा करायची. हे गराजमध्ये आजवर कधी आलेलं नाही. हवं तितके दिवस ठेव, हनी."

म्हणजे मीही त्या यादीत गेले, पोस्टमन आणि कुत्रा यांच्या मध्ये कुठेतरी. मला ते भांडं नको होतं. तिच्याकडून तर काहीच नको होतं. पण संक्रांत तोंडावर होती, बोरन्हाणाचं सगळ्यांना कळवलेलं होतं, आणि रागाने पाक होत नाही. मी थँक्यू म्हणून भांडं घेतलं.

त्या संध्याकाळी नवरा सिंकपाशी इतका वेळ हात धूत होता की मुलगी म्हणाली, "बाबा, आर यू डूइंग सर्जरी?" नखं ब्रशने घासली. मग स्वयंपाकघरात खाली बसला, मी तीळ ओतले, पहिला चमचा सोडला. तांबं लवकर तापतं, मला आच दोनदा कमी करावी लागली. त्याची बोटं फिरायला लागली. मी वाट पाहत होते. बोलेल तर तिच्याबद्दलच बोलेल, अशी माझी खात्री होती, आणि तसंच झालं.

"तिला थांब कधी म्हणायचं ते कळत नाही," तो म्हणाला. "आज पहिल्या घाण्याला भसाभस ओतलं. सगळ्या चिकटल्या एकमेकींना. मी म्हटलं, माझी बायको असती तर असं झालं नसतं."

"हे तू तिला सांगितलंस?"

"सांगितलं की. म्हणाली, मग तिला घेऊन ये." मग म्हणाला, "येतेस का पुढच्या शनिवारी? चमचा धरायला."

"मी शिशाला हात लावणार नाही. आता."

"आता काय?"

"पाक सुकला. फिरव."

त्याने फिरवलं. मग त्याच्या वडिलांचं काहीतरी निघालं, मग ऑफिसातल्या नव्या साहेबाचं. चौथ्या दिवशी काटा फुटला, आईच्या परातीत फुटायचा तसाच, किंवा कदाचित थोडा जास्तच. ते मी मान्य केलं नाही. बोरन्हाण व्यवस्थित पार पडलं. मंडळातल्या दोघी-तिघींनी विचारलं, कुठून मागवला. नवऱ्याने एक डबी भरून शेजारणीला नेऊन दिली. तिला फार आवडला म्हणे. डबी रिकामी परत आली नाही, तिच्यात पीचचा मुरांबा आला. मुलीने तो तीन दिवसांत संपवला. मी चाखला नाही. मग रात्रीच्या पोळीबरोबर थोडा चाखला.

शनिवारचं गराज अजून चालू आहे. माझी परात आता तिच्याकडेच असते. गोळ्या तिच्यातच होतात आणि शेजारीण क्लबवर तिला "इंडियन पॅन" म्हणून दाखवते, असं कळतं. मी अजून चमचा धरायला गेलेले नाही.

आज २००८चा नोव्हेंबर आहे. पुढच्या संक्रांतीसाठी मी ऑनलाइन नवी, जाड बुडाची परात मागवली आहे, ती येऊन पडली आहे. गेल्या जानेवारीतही हलवा तांब्याच्या भांड्यातच झाला; ते मी चिंचेने घासून लख्ख करून वरच्या कपाटात ठेवलेलं आहे. दर शनिवारी सकाळी नवरा बूट घालताना विचारतो, "मी जातोच आहे, भांडं देऊ का नेऊन?" आणि मी सांगते, "नको. ते माझं मी देईन."

ते द्यायचं राहिलं आहे.