पत्र्यावरचा हात

आमच्या नाटक मंडळीत आभाळ गडगडवायचं काम पत्रेमामांचं. विंगेत टांगलेला माणसाएवढा पत्रा ते असा हलवत की पुढच्या रांगेतली माणसं पाय वर घेत. राजा मी, पण टाळी पत्र्याला! वर मामा मला चिडवत, "राजेसाहेब, तुमच्या रडण्यापेक्षा माझं आभाळ बरं फाटतं."

मंडळी बुडाली, तेव्हा मामांनी पत्रा घरी नेऊन गच्चीवर टांगला.

त्यांचा थोरला खाडीपलीकडच्या केंद्रात रॉकेटमध्ये इंधन भरायचा. एका ढगाळ रात्री आम्ही गच्चीवरून उड्डाण बघत होतो. क्षितिज नारिंगी झालं. पहिली टाळी मामांनीच वाजवली, मग सगळ्या गच्चीनं. आवाज उजेडाच्या मागून, सावकाश येतो. आला तो एकच दणका, आणि मग काही नाही. मामांचे हात टाळीतच थिजले. रॉकेट जागच्या जागी फुटलं होतं. थोरला त्यातच गेला.

पुढे मामांचे कान गेले, आणि धाकटी हट्टानं त्याच केंद्रात लागली. काल तिनं इंधन भरलेलं पहिलं रॉकेट उडायचं होतं.

नेमके कालही ढग खाली उतरलेले. मामांनी पत्र्याला तळहात टेकवला. क्षितिज उजळलं, अगदी तेव्हासारखं. शेजारच्या गच्चीवर शिट्ट्या सुरू झाल्या. माझेही हात उठले, तशा मामी कडाडल्या, "भावजी, थांबा! या घरात आवाज आल्याशिवाय टाळी नाही."

आम्ही तिघं श्वास धरून उभे.

मग पत्रा थरथरला. थरथरतच राहिला. लांबलचक, न तुटणारी घरघर.

"सलग आहे," मामा म्हणाले. "पोरगी सुखरूप आहे."

ढगांच्या फटीत एक ठिणगी दिसली आणि चढत गेली. मामी मटकन खाली बसल्या, रडत रडत टाळ्या वाजवू लागल्या. "वाजवा की आता, भावजी!" मी तळहात लाल होईतो वाजवल्या.

घरघर विरली, ठिणगीही दिसेनाशी झाली. मामांचा हात मात्र पत्र्यावरच.

मी कानाशी ओरडलो, "मामा, झालं की!"

"तिचं झालं," ते म्हणाले. "त्याचा दणका येतोय अजून. दर वेळी येतो."

मी पत्र्याला हात लावला. गार होता, निश्चल होता. तरी मला हात काढवेना. मामी खाली जाऊन दिवा लावेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो.