पहिलं अंजीर देवाचं

राहेलबाई पेणकरांना कशाचीही भीती वाटायची. आयर्लंडमधल्या नावन गावी लेकाकडे राहायला आल्यापासून तर वाऱ्याने दार आपटलं तरी त्या प्रार्थना पुटपुटायच्या. पण त्या सकाळची धास्ती निराळी होती. ग्रीनहाऊसमधलं अंजीर गायब!

साधंसुधं अंजीर नव्हे हो ते. तिथल्या त्या गारठ्यात झाडाने इतकी वर्षं नुसती पानं दाखवली, यंदा कुठे फळ धरलं. आणि पहिलं फळ देवाचं, ही तोरा या धर्मग्रंथातली आज्ञा. आता ना ते यरुशलेमचं मंदिर, ना पहिल्या फळांची टोपली घ्यायला कोहेन पुरोहित; पण अलिबागकडच्या बेने इस्राएल ज्यू घरात वाढलेली बाई ऐकते थोडीच! अंजीर पिकायला लागलेलं दिसताच त्यांनी जुन्या रीतीने, हे देवाचं अशी खूण म्हणून, त्याला गवताची पात बांधली. दोनदा गर्भ पडल्यावर सून शुलाला पुन्हा दिवस गेले होते. त्या उपकाराचं हे फळ, देवापुढे मांडायच्या मलिद्याच्या ताटात सगळ्यांत आधी तेच ठेवायचं.

तरी जिवाला घोर होताच. शुलाच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. सलाईन लावून झालं. वजन असंच उतरत राहिलं तर बाळाला धोका आहे, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

राहेलबाई धावत स्वयंपाकघरात आल्या. शुला टेबलाशी बसली होती आणि बशीत गवताची पात पडली होती.

‘‘आई, रागावू नका. वास आला आणि राहवेचना. खाल्लं मी.’’

राहेलबाईंच्या मनात एकच आलं: अगं बाई, देवाच्या वाट्याचं खाल्लं! आता तो बदल्यात काय नेईल? त्यांची नजर शुलाच्या पोटाकडे गेली. सगळं ओरडून सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

‘‘माझ्यासाठीच खूण बांधली होती ना?’’ शुला म्हणाली. ‘‘बराच वेळ झाला, उलटी नाही झाली. आई, खरंच भूक लागलीय हो. अजून एक आहे का?’’

होतं. पिकलेलं असं तेवढंच उरलं होतं. पहिलं हुकलं तर निदान ते तरी देवापुढे ठेवता आलं असतं.

‘‘आहे की,’’ त्या म्हणाल्या.

ग्रीनहाऊसमध्ये जाऊन त्यांनी ते खुडलं. ‘‘काय राग काढायचा तो माझ्यावर काढ,’’ त्या देवाला म्हणाल्या, ‘‘पोर उपाशी आहे माझी.’’ आणि ते धुवायलाही न थांबता आत पळाल्या.